संकर, मिश्र आणि तीळ-तांदूळ

प्रश्न असा आहे: आई एका वंशाची, वडील दुसऱ्या. पूर्वी पत्रात हे चार ओळींत सांगता यायचं, आता प्रोफाइलच्या एका ओळीत बसवायचं तर मराठीत काय लिहावं? ‘संकरित’ चालेल का?

मुळीच नाही. संकरित ज्वारी असते, संकरित गाय असते. तरी हे विशेषण माणसांना चिकटवलेलं सारखं कानावर येतं, आणि माझेही आईवडील दोन वंशांचे असल्यामुळे दर वेळी डोकं फिरतं.

‘मिश्रवंशीय’ लिहा. हा इंग्रजीवरून ओढूनताणून पाडलेला शब्द आहे, असं म्हणत नाक मुरडणारे पंडित आहेत. त्यांनी जरा कूळ तपासावं. संस्कृत ‘मिश्र’ आणि लॅटिन ‘मिस्केरे’ एकाच घराण्यातले. त्या लॅटिनमधूनच ‘मिक्स’ आला, स्पॅनिश ‘मेस्तिसो’ आला, फ्रेंच ‘मेतीस’ही. ‘मिश्र’ने मात्र यांच्यापैकी कुणाकडून काही उसनं घेतलेलं नाही.

खरी गंमत ‘संकर’ची. तो ‘करणे’वाल्या कृ धातूपासून आला, असं बेधडक ठोकून देतात. साफ चूक. धातू कॄ, म्हणजे विखुरणे. ‘विकिरण’, ‘प्रकीर्ण’, ‘संकीर्ण’ ही त्याचीच पोरं. म्हणून तर अमरकोशात झाडून काढलेल्या केरालाही ‘संकर’ म्हटलंय! आपला ‘उकिरडा’ही याच घरचा असावा, हा माझा लाडका तर्क, कोणी हसलं तर हसो. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन वर्णसंकराला घाबरतो (तिथला वर्ण म्हणजे वंश नव्हे, हेही लोक विसरतात), त्या भीतीत मला तरी ही केराची छटा ऐकू येते.

पण अलंकारशास्त्रात हाच शब्द मानाने वावरतो. दोन अलंकार तीळ-तांदळासारखे वेगळे निवडता आले तर ती संसृष्टी, दूध-पाण्यासारखे एकजीव झाले तर संकर. ‘संकर ही मूळचीच शिवी’ म्हणणारे इथवर पोचलेले दिसत नाहीत. मी दोन्ही अनुभवलंय. पत्रांच्या काळात आजोळी एका भाषेत लिहायचो, वडिलांकडच्यांना दुसऱ्या, पाकिटंसुद्धा वेगळी. अस्सल संसृष्टी! आता घरच्या ग्रुपवर नाम एका भाषेतलं, क्रियापद दुसरीतलं, आणि कोणी अडखळत नाही. पंचाईत होते ती फक्त अंगठ्याची. २०१५ मध्ये इमोजींना त्वचेच्या पाच छटा मिळाल्या. मामेभावंडं एक निवडतात, चुलतभावंडं दुसरी. मी अंगठा पिवळाच ठेवतो.

हां, प्रोफाइलचं राहिलंच. ‘मिश्रवंशीय’ जड वाटत असेल तर दोन्ही वंशांची नावं सरळ शेजारी शेजारी लिहा, पण त्यांच्यामागे ‘अर्धा’ लावू नका. मध्ये जोडरेघ द्यावी की नाही, यावर मात्र मी कुणाशीही भांडायला तयार आहे.