वाचकांचे प्रश्न : दोन पानं झाली की मुलगी पळते

प्रश्न : मुलगी साडेचार वर्षांची. घरी मराठी, शाळा कन्नड माध्यमाची. पुस्तक वाचायला घेतलं की दोन पानांत उठते. तिचे बाबा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातात, त्यांना वेळच मिळत नाही. मराठीतून वाचलं तर शाळेत गोंधळ होईल का? (खानापूर)

उत्तर : गोंधळ होत नाही. तुमची जीभ ज्या भाषेत सहज वळते तीच घ्या. अडखळत वाचलेलं ऐकायला कुठलंही मूल थांबत नाही. मात्र वाक्यागणिक कन्नड अर्थ सांगत बसू नका, गोष्टीची लय तुटते.

ती उठते कारण बहुधा पानावर मजकूर जास्त आहे. या वयाला पानावर दोन-तीन वाक्यं आणि १६ ते २० पानं पुरे. पुस्तक मोठं असेल तर चित्रं बघून आपल्या शब्दांत सांगा. मुलीला समोर न बसवता मांडीवर घ्या, म्हणजे दोघींना एकच पान दिसेल. पान तिलाच उलटू द्या, आणि उलटल्यावर तीन-चार सेकंद गप्प राहा. आधी चित्र बघून होऊ दे. संवाद खुशाल घरच्या बोलीत म्हणा. पुस्तकातला कोल्हा ‘काय करतोस’ विचारत असला तरी तुमचा ‘काय करुलास’ विचारू दे. पुन्हापुन्हा येणारं वाक्य अर्धं सोडा, उरलेलं ती म्हणेल. ‘हे अक्षर कुठलं?’ हा प्रश्न मात्र बंद. तिथे मांडीची शाळा होते, आणि बरेच आईबाप इथेच मूल घालवतात. तरीही उठली तर धरून ठेवू नका, ते पान संपवून पुस्तक मिटा. रोज ठरल्या वेळी दहा मिनिटं. तेच पुस्तक पंधरा दिवस मागितलं तरी तेच वाचा.

बाबांची दुसरी पाळी असेल त्या आठवड्यात त्यांनी सकाळी, शाळेआधी वाचावं. आवाज रेकॉर्ड करून ठेवण्यात अर्थ नाही, त्यात कूस मिळत नाही.

प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर अनेक गोष्टी मराठी आणि कन्नड दोन्हींत मोफत मिळतात. पातळी १ निवडा, त्यात शब्द कमी असतात. मोबाइलवर दाखवण्यापेक्षा प्रिंट काढून दोऱ्याने शिवा.

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा, स्वतः वाचतो. आता मी वाचून दाखवणं थांबवू का? (निपाणी)

उत्तर : नको. त्याला स्वतः वाचायला जड जाणारं पुस्तक ऐकून नीट समजतं. रोज एक प्रकरण वाचा, आणि उत्सुकता ताणलेली असेल तिथेच थांबा.