एअर इंडिया तेव्हा सरकारची होती, इंडियन ऑइलही सरकारची. मग 2019 मध्ये इंडियन ऑइलने एअर इंडियाचं तेल का बंद केलं?

मालक एक, पण खिसे वेगळे. इंडियन ऑइल शेअर बाजारात आहे, सरकारचा हिस्सा निम्म्याहून थोडाच जास्त. बाकीचे भागधारक ‘घरातलीच उधारी आहे, असू दे’ म्हणणार नाहीत. मी बरीच वर्षं एका तेल कंपनीच्या विमानतळावरच्या डेपोत होतो, त्यामुळे ही उधारी कशी साचते ते जवळून पाहिलंय.

बाउझर, म्हणजे तेलाचा टँकर, विमानाला लागला की आधी अर्थिंगची वायर जोडायची. मग काचेच्या बरणीत नमुना काढून उजेडात धरायचा. तळाशी पाण्याचा थेंब नको, कचरा नको. सिरिंजच्या टोकाला लावलेली पिवळी कॅप्सूल हिरवी पडली तर तेलात पाणी आहे, भरणं तिथेच थांबवायचं. भरताना डेडमॅन हँडल हातात. पकड सुटली की तेल बंद. कॅप्टन मागतो किलोत, आमचं मीटर चालतं लिटरमध्ये, म्हणून घनता बघून हिशोब. पाच टन म्हणजे सुमारे सव्वासहा हजार लिटर. 2019 साली किलोलिटरचा भाव साठ हजारांच्या वर होता, म्हणजे एका फेरीची पावती जवळपास चार लाखांची. खाली सही झाली की विमान मोकळं. पैसे मात्र मागाहून.

एअर इंडियाला 90 दिवसांची उधारी होती. थकबाकी सात-आठ महिन्यांवर आणि साडेचार हजार कोटींच्या आसपास गेली, तेव्हा 22 ऑगस्टला इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या तिघींनी मिळून पुणे, पाटणा, रांची, मोहाली, विशाखापट्टणम आणि कोची इथला पुरवठा थांबवला.

सहाच का? माझ्या मते हा ‘नाक दाबलं की तोंड उघडतं’ असला प्रकार. दिल्ली-मुंबईत बंद केलं असतं तर विमानं जमिनीवरच बसली असती, आणि बसलेलं विमान बिल फेडत नाही. या सहा ठिकाणी जाताना परतीचंही तेल सोबत न्यायचं. त्याला टँकरिंग म्हणतात. उड्डाणं चालू राहतात, पण वजन वाढतं आणि ते वजन वाहायलाच जास्त तेल जळतं. 7 सप्टेंबरला पुरवठा पुन्हा सुरू झाला.

खासगी विमान कंपन्यांना एवढी सवलत मिळत नसे. आमच्याकडे एका कंपनीला ‘कॅश अँड कॅरी’वर टाकलं होतं. पैसे जमा झाल्याचा निरोप येईपर्यंत बाउझर हलवायचा नाही, असा वरून हुकूम. एका सकाळी प्रवासी आत बसलेले, निरोपाचा पत्ता नाही. शेवटी कॅप्टन स्वतः शिडीवरून खाली आला आणि मला हळूच म्हणाला, “काका, आले का हो आमचे पैसे?”