सोयाबीन तेल आणि हेक्झेनच्या मिश्रणाला राऊल्टचा नियम का लागू पडत नाही?

तुम्ही विचारलंय की सोयाबीन तेलात वजनाने १० टक्के हेक्झेन उरलेलं असेल, तर राऊल्टच्या नियमाने (द्रावणाचा बाष्पदाब रेणूंच्या प्रमाणावरून सांगणारा नियम) त्याचा उत्कलनबिंदू सुमारे ९० अंश सेल्सिअस येतो; मग प्रत्यक्षात ९० ला मिश्रण उकळत का नाही?

तुमचं गणित बरोबर आहे, पण नियम या जोडीसाठी नाही. मी अकरा वर्षं सॉल्व्हंट प्लांटमध्ये, म्हणजे हेक्झेनने तेल काढणाऱ्या कारखान्यात, शिफ्ट सांभाळली. ट्रेनी असताना हाच आकडा मीही वहीत मांडला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१०० ग्रॅम मिश्रण घ्या. १० ग्रॅम हेक्झेनचे ०.११६ मोल होतात. तेलाचा सरासरी रेणुभार ८७५ धरला, तर ९० ग्रॅम तेलाचे ०.१०३ मोल. म्हणजे रेणूंच्या मोजणीत निम्म्याहून जास्त, ५३ टक्के, हेक्झेनच! राऊल्टचा नियम एवढंच बघतो आणि सांगतो की बाष्पदाब शुद्ध हेक्झेनच्या ५३ टक्के असेल. पण तेलाचा रेणू म्हणजे तीन लांब शेपट्यांचा ट्रायग्लिसराइड. तो एकटा हेक्झेनच्या सात रेणूंची जागा अडवतो. एसटीत एक माणूस सामानासकट सात सीट अडवून बसला, तर गाडीत किती डोकी आहेत यावरून गर्दी कळत नाही, सीट मोजाव्या लागतात. सीट मोजल्या, म्हणजे घनफळाचा हिस्सा काढला, तर हेक्झेन फक्त १३.५ टक्के भरतं.

खरं उत्तर या दोन आकड्यांच्या मध्ये आहे. पॉल फ्लोरी आणि मॉरिस हगिन्स यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला पॉलिमरच्या द्रावणांसाठी जे समीकरण स्वतंत्रपणे मांडलं, ते इथेही छान चालतं. आकारातल्या फरकाची दुरुस्ती केली की हेक्झेनची ॲक्टिव्हिटी (शुद्ध हेक्झेनच्या मानाने मिश्रणातला त्याचा बाष्पदाब) ०.१३५ गुणिले साधारण २.१, म्हणजे ०.२८ येते. तेल आणि हेक्झेन यांच्यातल्या किंचित नावडीसाठी असलेला गुणांक ०.३ धरला, तर ती ०.३६ पर्यंत जाते. म्हणजे उकळायला हेक्झेनचा स्वतःचा बाष्पदाब पावणेतीन वातावरण (ॲटमॉस्फिअर) हवा, आणि तो सुमारे १०५ अंशांना मिळतो. हाच हिशोब १ टक्का हेक्झेनसाठी करून बघा. तापमान २०० च्या पुढे जातं! इतकं तापवलं तर कच्च्या तेलाची वाट लागते. म्हणूनच प्लांटमध्ये शेवटचं हेक्झेन नुसतं उकळून काढत नाहीत. स्ट्रिपरमध्ये व्हॅक्यूम लावून खालून लाइव्ह स्टीम, म्हणजे थेट तेलात वाफ, सोडतात. वाफ हेक्झेनचा आंशिक दाब पाडते आणि तेल ११०–१२० अंशांच्या आसपास असतानाच हेक्झेन निघून जातं. एक्स्ट्रॅक्टरमधून येणाऱ्या मिसेलात (तेल आणि हेक्झेनच्या द्रावणात) तेल साधारण २५–३० टक्के असतं. ते ९० टक्क्यांपर्यंत नेणं त्या मानाने सोपं. आधीचा मोठा टप्पा तर डीटीमधून (पेंडीतलं हेक्झेन काढणाऱ्या डिसॉल्व्हंटायझर-टोस्टरमधून) येणाऱ्या बाष्पांच्या उष्णतेवरच भागतो. खरी मेहनत शेवटच्या काही टक्क्यांत आहे, आणि तिचं कारण हे वरचं गणित आहे.

मिसळताना उष्णता किती सुटते किंवा शोषली जाते, हेही तुम्ही विचारलंय. ती इतकी थोडी असते की हेक्झेनच्या बाष्पनाला लागणाऱ्या किलोमागे ३३५ किलोज्यूलपुढे ताळेबंदात सोडून दिली तरी चालते. घनफळ बेरजेपेक्षा किंचित कमी भरतं, तेही सोडून द्या.

तापमान मात्र सोडू नका. आमच्याकडे एकदा आठवडाभर मिसेलातल्या तेलाची नोंद १७ टक्के येत होती आणि आम्ही एक्स्ट्रॅक्टरमध्ये दोष शोधत बसलो होतो. प्रत्यक्षात नमुना ५० अंशांना असतानाच हायड्रोमीटर (घनता मोजायचं उपकरण) बुडवला जात होता आणि तक्ता ३० अंशांचा होता. वीस अंशांत मिसेलाची घनता ०.०१७ च्या आसपास उतरते, आणि तेलाच्या एका टक्क्यामागे घनता बदलते जेमतेम ०.००२ ने. म्हणजे आठ टक्क्यांची चूक नुसत्या तापमानाची! नमुना झाकून थंड केल्यावर २५ टक्के आले. तुमच्या प्रयोगात घनतेवरून सांद्रता काढणार असाल, तर आधी थर्मामीटर.

हे सगळं सोयाबीन, सरकी, सूर्यफूल यांच्यासाठी. एरंडेल तेलाला हे आकडे लावू नका. त्यातल्या रिसिनोलिक आम्लावर हायड्रॉक्सिल गट असतो, त्यामुळे त्याचं वागणं उलटं आहे. साध्या तापमानाला ते अल्कोहोलमध्ये सहज विरघळतं आणि हेक्झेनमध्ये अर्धवटच. सोयाबीन तेल नेमकं याच्या उलट. शुद्ध इथेनॉलमध्येसुद्धा ते पूर्ण मिसळायला ६५–७० अंशांच्या आसपास तापवावं लागतं, आणि इथेनॉलमध्ये पाणी असेल तर त्याहूनही जास्त. असं मिश्रण थंड केलं की पुन्हा दोन थर पडतात. मला ही जोडी फार सुंदर वाटते. जमलं तर दोन्ही तेलं शेजारी-शेजारी परीक्षानळीत करून बघा.

एक कळकळीची विनंती. हेक्झेनची वाफ हवेच्या तिप्पट जड असते, ती टेबलावरून खाली उतरून जमिनीलगत पसरते आणि हवेत जेमतेम १.१ टक्का झाली की पेट घेऊ शकते. फ्यूम हूडमध्येच काम करा, उघडी शेगडी किंवा बर्नर खोलीतसुद्धा नको.

तुमचा व्हॅक्यूम किती आहे ते कळवलंत, तर त्या दाबाचा उत्कलनबिंदू काढून इथेच लिहितो.