कुलपातली वही

पत्र : मुलगा बारावी सायन्सला आहे. जेईईचा क्लास बुडवून अब्राहम कहान नावाच्या कुणा यिद्दिश भाषेतल्या ज्यू लेखकाबद्दल वाचत बसतो. म्हणतो, मी लिहिणार, कामगारांसाठी काम करणार. इचलकरंजीत आमचे बारा यंत्रमाग आहेत. आमच्याच कामगारांच्या पाळ्या त्याने वहीत उतरवल्या होत्या. ती वही मी कुलपात ठेवली. असल्या लोकांचं पोट तरी भरतं का? त्याला ताळ्यावर कसं आणू?

उत्तर : पत्र दोनदा वाचलं. मार्कांबद्दल एक ओळ नाही. म्हणजे तुमचा घोर जेईईचा नाही, त्या वहीचा आहे. घरच्याच पोराने बारा-बारा तासांच्या पाळ्या लिहून काढल्या, ते झोंबलंय. झोंबू दे, पण त्याला करिअरची काळजी म्हणू नका. आणि कुलपाचा उपयोग होत नाही. कहानही धर्मगुरू होण्यासाठीच शिकत होता. चोरून रशियन शिकला आणि हट्टाने तेव्हाच्या रशियातल्या विल्ना शहरातल्या (आजचं विल्निअस) अध्यापक विद्यालयात गेला. १८८१ साली पास होऊन बाहेर पडला.

गैरसमज मात्र तुम्हा बापलेकांचा एकच आहे : चळवळीतला लेखक म्हणजे कामधंदा सोडलेला माणूस. १८८२ मध्ये पोलिसांचा ससेमिरा चुकवून कहान अमेरिकेला गेला आणि आधी सिगारच्या, मग पत्र्याच्या कारखान्यात राबला. इंग्रजीसाठी बाविशीत शाळकरी पोरांच्या बाकावर बसला. पुढे तेच इंग्रजी रात्रीच्या वर्गात स्थलांतरितांना शिकवून पोट भरलं. न्यूयॉर्कच्या ज्यू कामगारांपुढे समाजवादी रशियन आणि जर्मनमध्ये भाषणं ठोकत. हा त्यांच्या घरच्या भाषेत, यिद्दिशमध्ये बोलला. १८९७ साली ‘फॉरवर्ट्स’ दैनिक काढलं, काही महिन्यांत भांडून बाहेर पडला, तर इंग्रजी पेपरात बातमीदारी केली. परत येऊन तेच दैनिक कित्येक दशकं चालवलं. १९०६ पासून त्यात ‘बिंटल ब्रीफ’, म्हणजे पत्रांची जुडी, हे सदर आलं. वाचकांनी घरची गाऱ्हाणी मांडायची, यांनी उत्तरं द्यायची. माझ्या धंद्यातला पूर्वजच म्हणा.

कामगारांसाठी काम करायला त्याला कायद्याकडे जायचं असेल तर बारावीनंतर सीईटी किंवा क्लॅट आहे; पत्रकारिता पदवीनंतरही होते. त्याआधी चिरंजीवांना विचारा, वहीत नुसते पाळ्यांचे आकडेच आहेत, की कांडी भरणाऱ्या बाईशी तो कधी बोललाही आहे? नसेल, तर सुट्टीत रोज दोन तास मागावर पाठवा, मालकाचा मुलगा म्हणून नव्हे.

वही आजच परत द्या. देण्याआधी पाळ्यांच्या वेळा बरोबर आहेत ना, तेवढं तपासा. चूक असेल तर ती तुमच्याइतकी कुणाला कळणार?