शेतातनं नाला जातोय, लेआऊट पाडताना बुजवला तर चालेल का?

तुम्ही विचारलंय की येळ्ळूर रोडकडं सव्वादोन एकर जमीन आहे, मधनं तिरका नाला जातोय, डेव्हलपर म्हणतोय ह्यूम पाईप (सिमेंटचा मोठा गोल पाईप) घालून बुजवू म्हणजे चार-पाच प्लॉट वाढतील, तर करावं का. मी बेळगावातच लेआऊटची ड्रॉइंगं काढतो, सरळ सांगतो, बुजवू नका.

पहिलं उतारा बघा, नाल्याची जागा 'बी खराब' (म्हणजे सार्वजनिक वापराची, लागवडीत न धरलेली जागा) लागलीय का. लागली असेल तर ती सरकारी, विकायचा विषयच नाही, डेव्हलपर काय का म्हणेना. गाव नकाशा पण काढा, कधीकधी उताऱ्यात नसलेला नाला तिथं दिसतो.

आता पाण्याचं बघा. 2 मीटर रुंद, 1 मीटर खोल नाला म्हणजे पाण्याला 2 चौरस मीटरची वाट, आणि 600 मिमीचा पाईप म्हणजे पाव चौरस मीटरच्या जरा वर, सातवा हिस्सा झाला की! एका एकरावर 50 मिमी पाऊस पडला तर दोन लाख लिटर पाणी होतंय आणि वरच्या सगळ्यांच्या शेतातलं तुमच्याकडनंच जाणार, त्यात प्लास्टिक नाहीतर उसाचा पाला तोंडाला अडकला की संपलं. आपल्या बेळगावच्या बळ्ळारी नाल्याकडंला जोराच्या पावसात एकदा फेरी मारा, भाताची शेतं कशी बुडतात ते बघितलं की मी जास्त सांगायला नको.

प्लॉट कमी होतात म्हणून लगेच घाबरू नका. गार्डनला जागा तशी पण सोडावीच लागते, लोक कोपऱ्यातला न खपणारा तुकडा देऊन मोकळे होतात, तीच नाल्याच्या दोन्ही अंगाला घ्या. नाल्याकडंला मोकळी सोडायची पट्टी गार्डनच्या जागेत धरतात का हे तेवढं 'बुडा'त (बेळगाव नगरविकास प्राधिकरणात) विचारून घ्या.

अमेरिकेत रँडल अरेंट म्हणून प्लॅनर आहेत, त्यांचा क्रमच उलटा आहे, आधी काय राखायचं ते ठरवायचं, मग घरं, मग रस्ते, आणि प्लॉटच्या रेघा एकदम शेवटी. आपल्याकडं आधी तीस बाय चाळीस फुटी प्लॉटच्या रेघा मारायच्या आणि मग विहीर आडवी आली, आंबा आडवा आला म्हणून जेसीबी बोलवायचा. अरेंट निम्मी जागा मोकळी ठेवा म्हणतात, सव्वादोन एकरात ते परवडणार नाही हे खरं, पण क्रम बदलायला काय पैसे पडत नाहीत.

काळी माती असेल तर नाल्याला लागून प्लॉट पाडूच नका, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, पाया हलतो आणि शिव्या तुम्हाला. गिऱ्हाईक वास्तू विचारतंय, माती कोण विचारत नाही.

सर्व्हेयरकडनं अर्ध्या मीटरचे कंटूर (जमिनीचा चढ-उतार दाखवणाऱ्या रेघा) काढून घ्या, ते डेव्हलपरच्या ड्रॉइंगवर ठेवून बघा आणि पाईपची साईझ कुठल्या हिशोबानं काढलीय तेवढं त्याला विचारा.