डाउनहिल सायकलला ‘उलटा’ फोर्क का नसतो?

प्रश्न : पुण्यात असताना मी चाकणच्या कारखान्यात तयार झालेली केटीएम ड्यूक ३९० चालवत असे. तिचा पुढचा शॉकअप, म्हणजे फोर्क, ‘यूएसडी’ (उलटा) होता. सध्या मी व्हँकुव्हरला राहतो आणि उन्हाळ्यात सुट्टीच्या दिवशी व्हिस्लरच्या बाइक पार्कमध्ये डाउनहिल, म्हणजे डोंगरउतारावरून वेगाने खाली येण्याची सायकल चालवतो. माझ्या सायकलला रॉकशॉक्स कंपनीचा ३५ मि.मी. नळ्यांचा जुना बॉक्सर फोर्क आहे. ओळखीतले एक गृहस्थ वापरलेला मॅनिटू डोराडो हा उलटा फोर्क स्वस्तात देत आहेत. मात्र पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल वळवले, तेव्हा तो पिळला जात असल्याचे जाणवले. मोटरसायकलला चालणारी ही रचना डाउनहिल शर्यतींत इतकी विरळ का, आणि मी तो घ्यावा का?
– एक वाचक, व्हँकुव्हर

उत्तर : आपल्याला जाणवलेला पीळ खरा आहे आणि या रचनेच्या विरळपणाचे मुख्य कारणही तेच आहे. नेहमीच्या फोर्कमध्ये बारीक, चकचकीत नळ्या वर क्राउनमध्ये (हँडलखालच्या आडव्या पट्ट्यांत) घट्ट बसवलेल्या असतात आणि त्यांच्यावर खालचे जाड पाय सरकतात. हे दोन्ही पाय मॅग्नेशियमच्या एकाच ओतकामात तयार होतात व टायरच्या वरून जाणारी कमान त्यांना जोडते. उलट्या फोर्कमध्ये जाड नळ्या वर जातात, बारीक नळ्या चाकाशी येतात आणि कमानीला जागाच उरत नाही. दोन पायांना बांधून ठेवण्याचे काम एकट्या एक्सलवर, म्हणजे चाकाच्या आसावर पडते. डोराडोच्या एक्सलची टोके षटकोनी आहेत, ती त्यासाठीच. रॉकशॉक्सने २०१४ मध्ये क्रॉस-कंट्रीसाठी आरएस-१ हा उलटा फोर्क आणला, तेव्हा त्याच्यासाठी चाकाचा हबच वेगळा करावा लागला होता.

मोटरसायकलला ही अडचण भासत नाही, कारण तिथे एक्सल व त्याचे क्लॅम्प हवे तेवढे दणकट करता येतात आणि अर्धा-पाऊण किलो वाढल्याचे कोणाला काही वाटत नाही. शिवाय जोरात ब्रेक लावल्यावर फोर्कला वाकवणारा सर्वाधिक ताण खालच्या क्राउनपाशी येतो, आणि उलट्या रचनेत नेमकी तिथेच जाड नळी असते. दीड-पावणेदोनशे किलोच्या वाहनाला हा फायदा मोठा आहे. चाकासोबत हलणारे वजन कमी होते, असेही सांगितले जाते. पण सायकलचे मॅग्नेशियमचे पाय मुळातच इतके हलके असतात की तिथे हा मुद्दा फारसा टिकत नाही.

तरीही गुडघ्यांची चाचणी थोडी फसवी आहे. उतारावर टायर जमिनीला जिथे टेकतो ती जागा स्टिअरिंगच्या अक्षापासून फार दूर नसते, त्यामुळे हातांनी दिला तेवढा पीळ फोर्कला क्वचितच बसतो. चाक दगडांच्या फटीत अडकले, किंवा डिस्क एकाच बाजूला असल्याने जोरदार ब्रेकचा भार डाव्या पायावर आला, तर मात्र तो जाणवतो. आडव्या उतारावरच्या मुळांवर हीच लवचीकता काही चालकांना आवडते. होंडाच्या आरएन०१ सायकलला शोवाचा उलटा फोर्क होता आणि तीच चालवत डाउनहिल शर्यतपटू ग्रेग मिनारने २००५ ची विश्वचषक मालिका जिंकली, तेव्हा ही रचना शर्यतीला नालायक आहे असे म्हणता येणार नाही. फॉक्सनेही २०२५ मध्ये पोडियम हा उलटा फोर्क आणला आहे, पण तो एंड्युरोसाठी (चढही स्वतः चढावे लागणाऱ्या शर्यतींसाठी).

उलट्या फोर्कचा खरा गुण मला वंगणात दिसतो. त्याच्या सील आणि बुश तळाशी असल्याने ऑइल आपोआप तिथे उतरते. नेहमीच्या फोर्कमध्ये ते सीलपासून खाली निथळते आणि कोरड्या सीलमुळे सुरुवातीची हालचाल अडखळते. ऑगस्टमधल्या व्हिस्लरच्या धुळीत, ब्रेकिंगमुळे पडलेल्या खळग्यांवरून जाताना मनगटांना हा फरक कळतो. पण आपल्या बॉक्सरचे खालचे ऑइल शेवटचे कधी बदलले? रॉकशॉक्स त्यासाठी ५० तास सांगते. आधी नव्या सील घालून ते काम करून घ्यावे. बराचसा मऊपणा तेवढ्यानेच परत येईल, आणि माझ्या मते आपल्याला फोर्क बदलण्याची गरज पडणार नाही.

तरीही डोराडोचा मोह होत असेल, तर नळ्यांवरची प्लास्टिकची कवचे काढून घ्यावीत आणि चाकाजवळच्या भागावर चारी बाजूंनी नख फिरवावे. उडालेले दगड लागतात ते तिथेच. नख अडकेल असा एखादा चरा सीलच्या वाटेत असेल, तर तिथून ऑइल गळेल आणि ते ब्रेकच्या डिस्कवर पोहोचायला वेळ लागणार नाही. असा फोर्क कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.