ऑर्किडचं पार्सल आलंय, कुंडी बदलू का?

पावसाळा लागला की पार्सलने ऑर्किड मागवणाऱ्यांची पत्रं येऊ लागतात. कुंडी कधी बदलायची, कशात लावायचं, पानं लुळी का पडली, हेच सगळ्यांचं विचारणं असतं. म्हणून या वेळी उत्तरं एकत्रच देते.

प्रश्न (परभणी): कालच फॅलेनॉप्सिस (ऑर्किडचाच एक प्रकार) आलं. दांड्यावर कळ्या आहेत. लगेच कुंडी बदलू का?

उत्तर: मुळं टणक असतील तर फुलं उतरेपर्यंत थांबा. एखाददुसरी कळी प्रवासाने गळतेच, घाबरू नका.

प्रश्न (धाराशिव): लाल माती आणि शेणखत निम्मं-निम्मं चालेल का?

उत्तर: नाही. या मुळांना हवा लागते, मातीत ती गुदमरतात.

प्रश्न (बीड): शेजारी म्हणतात हे बांडगूळ आहे, अंगणातल्या आंब्यावर बांधलं तर आंबा वाळेल. खरं का?

उत्तर: खोटं. बांडगूळ फांदीत मुळं घुसवून रस ओढतं. ऑर्किड सालीला नुसतं धरून राहतं.

प्रश्न (जालना): महिन्यापूर्वी फॅलेनॉप्सिस आलं. पाइन बार्क (पाइनच्या सालीचे तुकडे) आणि कोळशात लावलं. रोज थोडं पाणी देते, तरी पानं लुळी पडून सुरकुतली आहेत. पाणी वाढवू का?

उत्तर: मुळीच वाढवू नका. आजच रोप कुंडीतून बाहेर काढा. तुम्ही बार्क घातलंत, कोळसा घातलात, पण मुळांच्या मधोमध असलेला मॉसचा, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या सुक्या शेवाळाचा, गोळा काढलात का? पत्रात त्याचा उल्लेख नाही, आणि माझ्याकडे मरायला टेकलेली जी रोपं येतात त्यांच्या पोटात बहुतेक वेळा हाच गोळा निघतो.

प्रयोगशाळेतून निघालेलं पिल्लू मॉसच्या घट्ट गुंडाळीत नाहीतर स्पंजात वाढवतात. कधी वरून प्लास्टिकची जाळीही असते. रोप मोठं होतं, गोळा आतच राहतो. नर्सरीत पाणी मोजून देतात, तिथे ते निभतं. आपल्या मराठवाड्यातल्या कोरड्या हवेत मात्र फसगत होते. वरचा थर दोन दिवसांत कडकडीत वाळतो, आपण समजतो रोप तहानलंय आणि पाणी घालतो. आतला गोळा आठ-आठ दिवस ओलाच असतो. मुळं सडली की पाणी ओढणार कोण? म्हणून पानं लुळी पडतात, आणि ती बघून आपण आणखी पाणी घालतो.

मागच्या वर्षी अंबाजोगाईच्या एक ताई रोप कुंडीसकट पिशवीत घालून घेऊन आल्या. कडेची मुळं पांढरी, टणक. मध्ये बोट घातलं तर लिंबाएवढा काळा गोळा लागला. दाबला तसं पाणी निथळलं, कुबट वास आला. मुळाची साल बोटाबरोबर निघून आली, आत दोऱ्यासारखी शीर तेवढी उरली. तीन मुळं वाचली. ताई म्हणाल्या, "खोक्यात चिठ्ठी होती, महिनाभर हात लावू नका म्हणून." अशा चिठ्ठ्यांचा मला संताप येतो. तेवढ्या दिवसांत रोप बदलून मागायची मुदत उलटून जाते आणि सडायचं ते सडून जातं. चार-सहा दिवस सावलीत ठेवा, ते योग्यच आहे. पण मुळं पहिल्याच दिवशी बघा आणि खोका उघडतानाच फोटो काढून ठेवा.

आता तुमच्या रोपाचं. अर्धा तास साध्या पाण्यात बुडवा, मुळं लवचीक होतील. मॉस चिमट्याने थोडं थोडं सोडवा, ओढू नका. जाळी असेल तर कापून काढा. कात्री आधी ज्योतीवर धरून घ्या. भिजल्यावर हिरवं आणि वाळल्यावर रुपेरी दिसणारं मूळ जिवंत आहे. पोकळ किंवा लिबलिबीत असेल ते कापा. कुंडी मुळं मावतील एवढीच, खाली-बाजूला भोकं असलेली. बार्कमध्ये मूठभर मॉस मिसळलं तर चालेल, पण सैल. लावल्यावर दोन दिवस पाणी नको. पुढे मुळं रुपेरी झाली की सकाळी द्या आणि पानांच्या बेचक्यात साचलेलं टिपून घ्या. दोन-तीनच मुळं उरली असतील तर घरी प्रयोग करत बसू नका, जाणकाराला रोप प्रत्यक्ष दाखवा.

प्रश्न (नांदेड): दालचिनीची पूड सगळ्या मुळांना चोळावी असं ऐकलं. बुरशीनाशकही द्यायचं का?

उत्तर: ऐकीव गोष्टीवर जाऊ नका. दालचिनी फक्त कापलेल्या टोकाला, चिमूटभर. ती ओलावा शोषते, चांगल्या मुळाला चोळली तर तेही वाळतं. बुरशीनाशक कोणतं आणि किती, हे दुकानदाराच्या अंदाजावर सोडू नका. मुळांचे फोटो घेऊन कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठात उद्यानविद्या विभागात विचारा.

प्रश्न (लातूर): बोअरचं पाणी देते. मुळांवर आणि कुंडीच्या कडेला पांढरा थर धरलाय.

उत्तर: ते क्षार आहेत, मुळांची टोकं जाळतात. पावसाचं पाणी साठवा. नाहीतर आरओचं शुद्ध पाणी द्या. आरओचं नळीतून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून बरेच जण झाडांना घालतात. ऑर्किडला ते घालू नका, ते बोअरपेक्षाही क्षारयुक्त असतं. बोअरचं पाणी एकदा तपासूनच घ्या.

प्रश्न (हिंगोली): निळ्या ऑर्किडचं बी ऑनलाइन मिळतंय. घेऊ का?

उत्तर: पैसे वाया घालवू नका. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं, त्यात अन्नसाठा नसतो. विशिष्ट बुरशीची साथ किंवा प्रयोगशाळा, यांशिवाय ते रुजत नाही. गडद निळं फॅलेनॉप्सिस दिसतं त्याच्या दांड्यात रंग टोचलेला असतो. पुढची फुलं पांढरी येतात.

प्रश्न (जालना): मे महिन्यात मागवलेल्या डेंड्रोबियम ऑर्किडची पानं पिवळी पडून गळाली. आता कुंडी बदलू?

उत्तर: मे महिन्यात मागवायलाच नको होतं, कुरिअरच्या गाडीत खोका भट्टीसारखा तापतो. जाड कांड्या हिरव्या आणि घट्ट असतील तर जीव आहे, त्या कापू नका. मुळं सडली नसतील तर बुडातून नवा कोंब फुटून त्याला मुळांची टोकं दिसेपर्यंत थांबा. मग लहान कुंडीत लावा, कोंब खोल पुरू नका आणि रोप हलणार नाही असं काठीला बांधा.